सनईवाल्याचा दम

मी रुद्राणी नर्स. सोलापूरच्या ज्या इस्पितळात मी पुरुषांचा वॉर्ड सांभाळत होते, तिथले रोगी डॉक्टरांना भीत नसत, मला भीत. भ्यायलाच पाहिजे. लाडावलेला रोगी लवकर बरा झालेला मी अजून पाहिलेला नाही.

एकोणीसशे बत्तीसच्या हिवाळ्यात मानमोडीचा, म्हणजे इन्फ्लुएंझाचा ताप पुन्हा गावभर फिरला. बहुतेकांना चार दिवस अंथरुणात पाडून तो निघून जाई. काहींच्या मात्र छातीत उतरून बसे. इमामसाब सनईवाल्यांचं तसंच झालं. आधी न्यूमोनिया, मग डाव्या फुप्फुसाभोवती पू. डॉक्टरांनी बरगड्यांमधून रबरी नळी घालून पू काढला, ताप उतरला, आणि त्यांची बायको जमीला वॉर्डभर खडीसाखर वाटून मोकळी झाली. मी म्हटलं, "बाई, गंगेत घोडं अजून न्हालेलं नाही."

कारण पुवानं दाबलेलं फुप्फुस मिटूनच राहिलं होतं. त्यावर औषध नव्हतं. उपाय एकच, नळीनं जोडलेल्या दोन बाटल्या. एकीत रंगीत पाणी, रोग्यानं फुंकून ते दुसरीत ढकलायचं. छातीला जोर पडतो आणि फुप्फुस हळूहळू उलगडतं. नाही उलगडलं, तर पुण्याला नेऊन बरगड्या काढायच्या आणि छातीची ती बाजू आत बसवायची. माणूस जगतो, पण सनई खुंटीला लागते.

"ह्यात काय हाय की, बाई!" म्हणत इमामसाबांनी पहिल्याच दिवशी आख्खी बाटली रिकामी केली. वॉर्डानं टाळ्या वाजवल्या. शेजारच्या खाटेवरच्या मल्लप्पाला चार बोटं पाणी सरकवताना घाम फुटायचा, त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. डॉक्टर खूश झाले. खरं सांगायचं तर मीही झाले.

पण आठवडाभरानं डॉक्टरांनी छातीला ऐकायची नळी लावली, तर डावीकडे खाली श्वासाचा पत्ताच नाही. "पाणी तर सगळं ढकलतोय," ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले. "सोमवारपर्यंत बघतो, नाहीतर पुण्याला पत्र लिहितो."

ते गेल्यावर जमीला खाटेखालचं बोचकं आवरायला लागली.

"पुन्याला... न्हाय जायाचं," इमामसाब म्हणाले. "बरगडी... गेली तर... सनई... गेली की."

"आन तुमीच गेला तर?" जमीला कडाडली.

माझ्या हातातला औषधाचा पेला हातातच राहिला. एका दमात बाटली ढकलणारा हा माणूस, आणि एवढंसं बोलायला त्याला इतकं थांबावं लागतं? कुठंतरी पाणी मुरत होतं.

"फुंका," मी म्हटलं. या वेळी मी बाटलीकडे बघितलं नाही, त्यांच्याकडे बघितलं. गाल पुरीसारखे टम्म. नाकपुड्या हळूच हलत होत्या. छाती मात्र जागच्या जागी. सनईवाले गालात हवा कोंडून ती तोंडानं सोडतात आणि त्याच वेळी नाकानं थोडी थोडी नवी घेतात, म्हणून सूर तुटत नाही. इमामसाब बाटलीही तशीच वाजवत होते!

मी त्यांचं नाक चिमटीत धरलं. गाल रिकामे झाले, पाणी थांबलं.

"नाक सोडा, बाई!"

"आधी छातीनं फुंका."

"छातीनं नवशिके फुकत्यात! उस्तादानं... त्यापायी छडी... मारली हुती मला!"

"इथली उस्ताद मी आहे."

त्यांच्या मनात फसवणूक नव्हती. फुंक म्हटलं की तोंड जन्मभर शिकलेलंच करणार, आणि छातीला तर नुसता धक्का लागला तरी कळ येत होती. नाक धरून त्यांनी जेमतेम दोन बोटं पाणी हलवलं, आणि मला अशा शिव्या दिल्या की मल्लप्पानं आनंदानं भिंतीकडचं तोंड इकडे वळवलं. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते स्वतःवरच मोठ्यानं हसले, आणि पत्र लांबवलं. नाक धरायचं काम पुढं जमीलानं मागून घेतलं. त्यात तिनं संसारातला बराच राग काढला असावा. दिवसातून कितीदा तरी ती नाक धरी, ते कण्हत, ती डोळे पुसे आणि पुन्हा धरी.

मग एका सकाळी डॉक्टरांनी छाती ऐकली आणि हसून म्हणाले, "उघडतंय, इमामसाब. पुणं रद्द."

इमामसाबांनी मान हलवली. "तुमी मागंबी असंच खूश झाला हुता की, डाक्टरसाब. आता ह्या बाईला ऐकू द्या, ती व्हय म्हनली तरच मी मानतो."

डॉक्टरांनी कानातली नळी काढून माझ्या हातात दिली. जिथं इतके दिवस काहीच नव्हतं तिथं मी ती टेकवली. जमीला माझ्या तोंडाकडे बघत होती. आत हवा येत होती, बारीक, खरखरत, पण येत होती.

"येतोय," मी म्हटलं. "खालपर्यंत येतोय श्वास."

इमामसाबांनी तोंडावर चादर ओढली आणि हुंदके देऊन रडायला लागले. कुशीत कळ येत असणार, पण मी त्यांना थांबवलं नाही. रडतानाही छाती फुलतेच.