पन्नासाचं भूत

त्या रविवारी आमच्या वैशाखरे गावच्या देवळात सकाळी नऊलाच एवढी गर्दी झाली होती, की चपलांचा ढीग सभामंडपाच्या पायऱ्या उतरून थेट रस्त्यावर आला होता. माळशेजला निघालेले सहलीवाले गाड्या थांबवून विचारत होते, "इथे काय आहे?" आणि आमचे गावकरी छाती फुगवून सांगत होते, "मशिनवर भूत दिसतंय. लाइव्ह!"

भूत दाखवणारे होते तरंगनाथ महाराज. अंगात भगवी कफनी, मनगटावर स्मार्ट घड्याळ आणि गालाला चिकटलेला माइक. त्यांच्यापुढे चौरंगावर बुटांच्या खोक्याएवढं एक यंत्र होतं. त्यावर भगवी शाल अशी पांघरली होती, की त्याचा रंगीत पडदा तेवढा दिसावा आणि शेजारची बटणं झाकलेली राहावीत. यंत्रातून एक काळी वायर निघाली होती. तिच्या टोकाला हुकासारखा छोटा आकडा होता. महाराज त्याला 'प्राणसूची' म्हणत. हे टोक बोटांत धरलं, की आत्म्याची लहर पडद्यावर उमटते, असा त्यांचा दावा होता.

मी महादू. तेहतीस वर्षं वायरमनकी करून रिटायर झालो. विजेनं मला दोनदा खांबावरून खाली फेकलंय, भुतानं एकदाही नाही. म्हणून महाराज गावात आले तेव्हा मी चारचौघांत त्यांची टर उडवली. मग चारचौघांनीच मला ढकलत पुढं नेलं. मी टोक धरलं आणि पडद्यावर पिवळी लहर भस्सकन उभी राहिली. खोटं कशाला बोलू, मला दरदरून घाम फुटला. महाराज हसले आणि म्हणाले, "वायरमन, तुमच्या लायनीत फॉल्ट आहे!" सगळा मंडप हसला. त्यानंतर पंधरा दिवस माझं तोंड बंद होतं.

महाराजांचा कार्यक्रम ठरलेला असे. आधी देवाचं दर्शन. यंत्राच्या पुढच्या अंगाला एक धातूची कडी होती, तिला झेंडूचं फूल बांधलेलं होतं. प्राणसूचीचा आकडा त्या कडीत अडकवला, की पडद्यावर सरळसोट पायऱ्या उमटत, वर-खाली, वर-खाली.

"पाहा!" महाराज गरजत. "माणसाची लहर गोल, देवाची चौकोनी! ही कैलासाची पायरी! आणि प्रत्येक पायरीच्या कोपऱ्यावर काय आहे? मुकुट! खाली आकडा वाचा. एक हजार! साक्षात विष्णूचं सहस्रनाम!"

विष्णू कैलासावर कधी राहायला गेला, हे कुणी विचारलं नाही.

मग माणसं. शेखर गॅरेजवाला टोक धरायचा, गोल लहर यायची, खाली आकडा पन्नास. "पन्नास वर्षांपूर्वी तुमच्या घरात कुणी तरी उपाशी गेलंय!" रंभाआजी धरायची, पन्नास. "घरापासून पन्नास पावलांवर काही तरी पुरलंय, आजी!" पोलीस पाटील सुनिलनं धरलं, पन्नास. "ही बाधा पन्नास कोसांवरून आली आहे!" मग मंत्र व्हायचा, शालीखाली महाराजांचा हात फिरायचा आणि लहर आक्रसत आक्रसत सपाट रेघ व्हायची. भूत गेलं! शिष्य लगेच त्या रेघेचा छापील कागद प्लास्टिकमध्ये घालून द्यायचा. गावात त्याला 'रिपोट' म्हणत. सुनिलनं आपला रिपोट चौकट करून भिंतीवर टांगला होता.

आता आमचं गाव अडाणी आहे असं समजू नका. आमच्याकडे नवसू भगत आहे. सुपात तांदूळ टाकून, दाणे बघून कुणाची बाधा ते सांगतो. गेल्या दहा वर्षांत पोरांनी त्याला हसून हसून घरी बसवलं. "नवसूबाबा, तांदळात काय दिसतंय? आता रिपोट लागतो!" हीच पोरं आता महाराजांपुढं ओळीत बसली होती. तांदळाला हसणारा माणूस पडद्याला हात जोडतो आणि स्वतःला शिकलेला समजतो. खुद्द नवसूही ओळीत होता. त्यालाही पन्नासच आले.

हे सगळं हसून सोडून दिलं असतं, पण मधे पूजा आली.

पूजा माझ्या शेजारच्या नथूची मुलगी. वय एकोणीस. बारा वर्षांची असल्यापासून तिला फिट येतात. मुरबाडच्या सरकारी दवाखान्यातल्या गोळ्यांनी आठ महिने एकही फिट आली नव्हती. तेवढ्यात कसाऱ्याहून स्थळ आलं. तिची आई गुणाबाई हिच्या मनात आलं, की पोरीचा एक स्वच्छ रिपोट हाती असला, तर सोयऱ्यांपुढं ठेवता येईल. महाराजांनी लहर बघितली आणि मान हलवली. "गोळ्यांची लहर आणि देवाची लहर एकमेकींवर आपटतायत. अकरा दिवस गोळ्या बंद. मगच रिपोट."

देवापुढं पितळेचं मोठं घंगाळ ठेवलेलं होतं. औषधं त्यात अर्पण करायची. गुणाबाईनं गोळ्यांची पाकिटं त्यात टाकली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पूजा भाकरी थापता थापता चुलीवरच कोसळली. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. महाराज म्हणाले, "भूत जाताना लाथ मारतंच. रविवारी आणा, शेवटचा उतारा करू." नथू माझ्या ओट्यावर येऊन बसला आणि नुसता रडला. मला माझ्या बंद तोंडाची लाज वाटली. मी त्याच्या पुतणीला, सारिकाला, फोन लावला.

सारिका वाशिंदच्या एका कारखान्यात चार्जरच्या तपासणीवर आहे. तिला मी सगळं सांगितलं. पायऱ्या सांगितल्या, मुकुट सांगितला, पन्नास सांगितले. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वायरमन काका, सगळ्यांना पन्नासच?"

"सगळ्यांना."

"आणि तुमच्या तारांत वीज सेकंदाला किती वेळा मागं-पुढं होते?"

मी कपाळावर हात मारला. तेहतीस वर्षं मी ज्या पन्नासाचं मीठ खाल्लं, तो पन्नास मला ओळखता आला नव्हता.

"पण मी तर विजेच्या वायरला हात नव्हता लावला," मी म्हणालो.

"गरज नाय. रविवारी येते. काकीला काय बोलू नका, ती ऐकायची नाय."

रविवारी ती शहापूर-मुरबाड करत पहिल्या एसटीनं आली आणि ओढणी डोक्यावर घेऊन बायकांच्या ओळीत बसली. बायकांसाठी महाराजांनी पडद्याची सोय केली होती. मर्यादा म्हणून! दोन लाकडी खांबांना नायलॉनच्या दोरीनं एक लोखंडी तार ताणून बांधली होती, तिच्यावर चादर. बाई चादरीमागं बसायची, प्राणसूची खालून आत सरकवली जायची, महाराज बाहेरून लहर वाचायचे. त्याच तारेला वेटोळे घालत कुणी तरी ट्यूबलाइटची वायर नेली होती. असलं काम बघून माझ्यातला वायरमन पहिल्या दिवसापासून चरफडत होता.

गुणाबाई पूजाला घेऊन पुढंच बसली होती. पूजाच्या हाताला फडकं गुंडाळलेलं. सारिका उठली. "काकी, आधी मी जाते. वाशिंदची परतीची गाडी गाठायचीय."

ती चादरीमागं गेली. आकडा आत सरकला. क्षणात यंत्राच्या पडद्यावर लहर उसळली, एवढी मोठी की वर-खाली मावेना. मंडपात "आई गं!" झालं.

महाराजांनी डोळे मिटले. "पन्नास! या बाईला विहिरीतली बाधा आहे. सासरी सुख नाही. पोटात सतत दुखतं. तीन वर्षं मूल नाही. बोल बाई, खरं की खोटं?"

चादरीमागून आवाज नाही.

"बाधा बोलू देत नाही! हिनं वाचाच धरली आहे!"

"महाराज," सारिकाचा आवाज आला, पण तो चादरीमागून नाही, चादरीच्या पलीकडच्या टोकाच्या लाकडी खांबाजवळून. "तुमच्या या बाईचं लग्न व्हायचंय अजून."

आणि तिनं चादर खस्सकन ओढली. मागं कुणीच नव्हतं. प्राणसूचीचा आकडा चादरीच्या लोखंडी तारेला अडकवलेला होता आणि पडद्यावर लहर थयथय नाचत होती.

आधी रंभाआजी हसली. "अगो बाय, तारेच्या पोटात दुखतंय!" मग सगळा मंडप फुटला.

महाराज उठले. "हा देवाचा अपमान आहे! क्वांटम शक्तीशी खेळू नका!"

"खेळत नाय, मी रोज आठ तास हेच काम करते," सारिका म्हणाली आणि तिनं यंत्रावरची शाल उचलली. शिष्य मधे आला, त्याच्यापुढं मी उभा राहिलो. माझी उंची या एका कामी आली.

"याला ऑसिलोस्कोप म्हणतात. वीज कशी हलते त्याची रेघ काढतो, बास. आजूबाजूला तारा असल्या की त्यांची वीज आपल्या अंगात जराशी उमटते. आपल्याला कळत नाय, याला कळते. म्हणून माणसाला पन्नास, तारेला पन्नास, महाराजांनापण पन्नास. धरा महाराज."

महाराजांनी हात मागं घेतले. नवसू भगतानं आकडा काढून त्यांच्या कोपराला टेकवला. पन्नास! नवसूचा चेहरा मी बऱ्याच वर्षांत एवढा खुललेला बघितला नव्हता.

"मग लहर बारकी कशी होते?" सुनिल पाटलानं जरा घुश्शातच विचारलं. भिंतीवरची चौकट त्याच्या डोळ्यांपुढं असावी.

सारिकानं यंत्राचं एक गोल बटण फिरवलं. लहर आक्रसून रेघ झाली. उलटं फिरवलं, परत उसळली. "पाटीलमामा, मोबाइलवर तुमचा फोटो दोन बोटांनी बारीक केला, तर तुमी बुटके होता का? हे मोजमाप बदलायचं बटन. बाधा तिथंच हाय, म्हणजे वीज तिथंच हाय."

"आणि देवाच्या पायऱ्या?" कुणी तरी ओरडलं.

तिनं झेंडूचं फूल बाजूला केलं. "मशिन चालू केल्यावर पहिलं काम काय, तर वायर बरोबर बसलीय का बघणं. त्यासाठी कंपनीच ही कडी देते. तिच्यातून चौकोनी लहर येते, सेकंदाला हजार. पायरीचे कोपरे साफ दिसले, तर वायर ठीक. शिंगं दिसली, म्हणजे हे मुकुट, तर वायरच्या मुठीवरचा बारका स्क्रू फिरवायचा. आमाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. काका, टेस्टर द्या."

टेस्टर माझ्या खिशात रिटायर झाल्यावरही असतो. तिनं आकडा कडीत अडकवला आणि स्क्रू हळूहळू फिरवला. सगळ्या मंडपाच्या डोळ्यांदेखत मुकुट बारीक होत गेले आणि कोपरे धुतल्यासारखे साफ झाले. पंधरा दिवस आम्ही ज्याला हात जोडले, तो मुकुट म्हणजे महाराजांनी यंत्र नीट लावलंच नव्हतं, याचा पुरावा होता. माणसाला धड लबाडीसुद्धा मेहनतीनं करता येऊ नये!

महाराज शिष्याला घेऊन मागच्या दारानं गाडीकडं निघाले. पण गाडीपुढं चपलांचा ढीग आणि ढिगावर गाव. सुनिल पाटलानं पोलिसांना फोन लावला. आठवड्यापूर्वी यानंच महाराजांचा नारळ देऊन सत्कार केला होता, हे मी त्याला तेव्हा नाही, पण संध्याकाळी आठवणीनं ऐकवलं.

गर्दीत एकटी गुणाबाई हसली नव्हती. ती घंगाळापाशी बसली होती आणि त्यातली पाकिटं उपसत होती. मी जवळ जाऊन बघितलं आणि माझं हसू विरलं. शुगरच्या गोळ्या, बीपीच्या गोळ्या, कुणाच्या टीबीच्या, कुणाची इन्सुलिनची पेनं. अर्ध्या गावाचं आयुष्य त्या पितळेत पडलं होतं. हळूहळू एकेक माणूस पुढं येऊन, मान खाली घालून, आपापलं पाकीट शोधू लागला. कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

"सारिका," गुणाबाई म्हणाली, "मी पोरीला जाळली गो. एका कागदासाठी जाळली."

पूजाच पुढं झाली. भाजका हात जपत तिनं दुसऱ्या हातानं आईचे डोळे पुसले. "आय, ऊठ. रविवारचा दवाखाना दुपारीच बंद होतो."

त्याच दिवशी मी, नथू, सारिका मायलेकींना मुरबाडला घेऊन गेलो. डॉक्टर आधी ओरडले, मग गोळ्या सुरू केल्या आणि कल्याणला मेंदूचा आलेख काढायला चिठ्ठी दिली. कसाऱ्याच्या सोयऱ्यांना नथूनं स्वतः जाऊन सगळं खरं सांगितलं. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. पूजा म्हणते, नाही आलं तरी चालेल.

कल्याणला मी बरोबर होतो. तिथल्या बाईंनी पूजाच्या डोक्याला बारीक तारा चिकटवल्या, समोरच्या पडद्यावर लहरी धावू लागल्या. पूर्वीची गुणाबाई असती, तर तिनं हात जोडले असते. ती खुर्चीवरून उठली, पडद्यापाशी गेली आणि चष्मा सावरत म्हणाली, "बाई, राग मानू नका. टोकं कुठं लावलीत? ही रेघ कशाची? आणि बारीक-मोठं करायचं बटन कुठलं?"

बाई रागावल्या नाहीत. कामातून थांबून त्यांनी एकेक तार दाखवली, ती काय टिपते ते सांगितलं, बटणही दाखवलं. वर म्हणाल्या, "घरातल्या विजेची पन्नासाची लहर यातही घुसते. ती आम्ही आधी गाळून टाकतो."

गुणाबाईनं माझ्याकडं बघितलं. तिला सगळं कळलंय, हे त्या एका नजरेत दिसलं.

माझं सांगणं एवढंच. तांदळाचा दाणा असो नाही तर रंगीत पडदा, हात जोडण्याआधी विचारा, टोक कुठं लावलंय? खरं काम करणारा माणूस दाखवतो. जो शाल पांघरून ठेवतो, त्याच्यापासून आपल्या गोळ्या सांभाळा.