तिसरी सायकल

शेवटचा बोल्ट काही केल्या हलेना. धाकट्याने पान्यावर सगळा भार टाकला, दातओठ खाल्ले, शेवटी पाय लावला, तेव्हा कुठे तो कुरकुरत सुटला. झोपायची सोय असलेल्या मोटरहोमच्या पाठीवर सायकली ठेवायचा रॅक होता आणि त्यावर तीन पन्हळी होत्या, एका सायकलीला एक. त्यांतली तिसरी आता त्याच्या हातात आली. इकडेतिकडे बघत त्याने ती शेडमध्ये नेली आणि जुन्या पडद्यांच्या गठ्ठ्यामागे आडवी सारली. स्वतःच्याच अंगणात, स्वतःच भाड्याने आणलेल्या गाडीपाशी, तो भल्या सकाळी चोरासारखा वावरत होता.

नऊला दादा येणार होता.

खरं तर या सहलीचा घाट दादानेच घातला होता. एकतीस वर्षं त्याने मालाचा ट्रक चालवला. डोंगरातली वळणं त्याला तोंडपाठ होती, पण डोंगर असा त्याने कधी बघितलाच नव्हता. माल वेळेत पोचवायचा म्हटल्यावर थांबणार कधी? निवृत्त झाल्यावर त्याने बॅटरीवर चालणारी डोंगरी सायकल घेतली, मागे लागून धाकट्यालाही घ्यायला लावली, आणि दोन वर्षं दर रविवारी दोघे भाऊ नकाशा पसरून बसले. एवढी मोठी गाडी कुठे वळेल, कोणता बोगदा बुटका आहे, सायकलींच्या बॅटऱ्या कुठे चार्ज करता येतील, सगळं दादाच्या वहीत उतरलं होतं. "एकदा तरी खाली उतरून बघायचंय रे," असं तो दर रविवारी एकदा म्हणायचाच.

मग मध्ये डॉक्टर आले. धाकटा कवळ्या बनवायचा, आणि त्याच्याकडची निम्मी कामं या दातांच्या डॉक्टरांकडून यायची. बोलता बोलता त्यांनी सहलीचं ऐकलं आणि "मलाही घ्या की," म्हणाले. धाकटा हुरळून गेला. गाडीत चौघे झोपू शकत होते, रॅकवर तीन सायकली बसत होत्या, अडचण कसलीच नव्हती. अडचण होती ती दादाची. पन्नाशीला आलेल्या भावाला तो चारचौघांत 'बाळ्या' म्हणायचा. जेवण झालं की बसल्या जागी कवळी काढायचा, पेल्यात बुडवून खळखळ धुवायचा आणि समोर जो कोणी असेल त्याच्या नाकापुढे धरायचा. "आमच्या बाळ्याने केलीय! अक्रोड फोडतो मी हिच्यावर." नऊ दिवस, त्या डबीएवढ्या गाडीत, डॉक्टरांसमोर! नुसत्या विचाराने धाकट्याचे कान तापायचे.

शेवटी मागच्या आठवड्यात त्याने फोन केला होता.

"दादा, रॅकवर दोनच सायकली चालतात म्हणे. आपल्या सायकली जड ना. आणि डॉक्टरांना आता नाही कसं म्हणायचं?"

पलीकडे वहीची पानं चाळल्याचा आवाज आला.

"बरं," दादा म्हणाला. "वजनापुढे कोणाचं चालतंय?"

तो असंच म्हणणार हे धाकट्याला ठाऊक होतं, म्हणून तर त्याने वजनाचं कारण काढलं होतं. एकदा मालकाने जास्त माल भरून कागदावर कमी दाखवायला सांगितलं, तेव्हा दादा किल्ली टेबलावर ठेवून घरी आला होता आणि चार महिने बेकार बसला होता. अशा माणसाला वजनाच्याच नावाने फसवायचं, हे काही बरं नव्हतं. पण फोन ठेवता ठेवता दादाने वर आणखी पेच टाकला.

"सायकली बांधायला मीच येतो. तुला नाही जमायचं."

आणि म्हणून आज ती पन्हळ काढायची पाळी आली होती.

दादा ठरल्या वेळेच्या दहा मिनिटं आधीच आला. खांद्यावर ट्रकचे जाड पट्टे, काखेत वही. त्याने आधी गाडीला एक प्रदक्षिणा घातली, टायर दाबून बघितले आणि मग मागे जाऊन रॅकपाशी उभा राहिला. पन्हळ होती तिथे नवाकोरा दिसणारा पट्टा उरला होता; बाकी सगळ्या दांड्यांवर धूळ आणि चिखल, तेवढ्याच जागेत लख्ख. बोल्टच्या एका भोकात दादाने बोट घातलं. बोटाला ओलं ग्रीस लागलं. ते त्याने नीट निरखून बघितलं आणि विजारीला पुसलं.

"दोन झकास बसतील," तो म्हणाला. "आण तुझी सायकल."

धाकट्याने आणली. दादाने बॅटरी काढून आत ठेवायला लावली, चाकं पट्ट्यांनी आवळली, सायकल गदागदा हलवून बघितली. तो एकदाही धाकट्याच्या तोंडाकडे बघत नव्हता. त्याने दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं धाकट्याला वाटलं.

तेवढ्यात डॉक्टर आपली सायकल ढकलत फाटकातून आत आले.

"दादा तुम्हीच ना? वा! आणि तुमची सायकल कुठाय?"

"मी नाही येत."

"म्हणजे? अहो, बायकोला मी सांगून आलोय, गाडीवर एकतीस वर्षांचा ड्रायव्हर आहे, काळजी करू नकोस. तुम्ही आहात म्हणून तर मी एवढं धाडस केलं!"

धाकट्याला आपण अंगणात उघडे उभे आहोत असं झालं. त्याने नको तिथे पाना शोधायला सुरुवात केली.

"तिसरी सायकल रॅकला पेलत नाही," दादा म्हणाला.

"पण जाहिरातीत तर तीन लिहिल्या होत्या."

"जाहिरात लिहिणाऱ्याने कधी घाट चढलाय? मागे वजन वाढलं की पुढची चाकं हलकी पडतात. वळणावर स्टिअरिंग ऐकत नाही मग."

तो हे इतक्या ठाम सुरात म्हणाला, की धाकट्याचाही क्षणभर विश्वास बसला. मग त्याला आठवलं. तिन्ही सायकलींची वजनं दादानेच मांडली होती, तिघांचं सामान धरून बेरीज केली होती, आणि 'बिनघोर चालेल' म्हणून वहीत दोनदा अधोरेखित केलं होतं. वजनाच्या बाबतीत उभ्या जन्मात खोटं न बोललेला माणूस आज खोटं बोलत होता, आणि ते कोणासाठी हे कोणी सांगायला नको होतं.

"मग सायकल राहू द्या, तुम्ही नुसते चला," डॉक्टर म्हणाले. "झोपायला जागा आहे की."

धाकटा वळला.

"दादा, खरं म्हणजे मी..."

"तू गप रे," दादा म्हणाला. "वजनातलं तुला काय कळतं? आणि डॉक्टर, सायकलीशिवाय मी तिथे येऊन करू काय?"

आणि धाकटा गप्प बसला. त्याला हायसं वाटलं, अगदी खरोखर हायसं वाटलं, आणि सबंध सकाळभरात त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली ती या हायसं वाटण्याची.

डॉक्टरांची सायकलही बांधून झाली. दादाने त्यांच्या हातात वही दिली, बुटका बोगदा कोणत्या पानावर आहे ते दाखवलं, उतारावर ब्रेक दाबून न धरता गिअर खाली टाकायला बजावलं. मग तो फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिला. गाडी मागे घेतच बाहेर काढावी लागणार होती आणि दोन्ही बाजूंना जेमतेम वीतभर जागा होती.

धाकटा स्टिअरिंगवर बसला, रिव्हर्स टाकला आणि समोरच्या भिंतीकडे बघतच गाडी सोडली. लगेच गाडीच्या पाठीवर थाप पडली.

"अरे, आरशात बघ!" दादा मागून ओरडला. "माझ्याकडे न बघता कसा बाहेर पडशील?"

डॉक्टर हसले. धाकट्याने मान वळवून आरशात बघितलं. दादा दोन्ही हात उंचावून उभा होता आणि ये, ये, असं त्याला खुणावत होता.