कंडक्टरबाई उतरल्या

खुर्चीच्या उजव्या चाकाला लागून एक आखूड दांडी होती, टोकाला पिवळ्या रबराचं टोपण. ती पुढे ढकलली की चाक आवळतं आणि मागे ओढली की सुटतं, हे बाईंनी पहिल्या दोन मिनिटांतच हेरून ठेवलं होतं — एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केलेल्या बाईला ब्रेक कुठला ते सांगावं लागत नाही. डाव्या चाकालाही तशीच दांडी. म्हणजे दोन्ही हातांनी एकदम... पण नको, इतक्यात नको. खुर्ची ढकलणारा दांडगा माणूस मागे कसलीशी धून गुणगुणत होता, विमानतळाच्या काचेच्या लांबच लांब बोळात सकाळचं ऊन आडवं पडलं होतं, आणि बाई मांडीवर पर्स घेऊन, गुडघे जुळवून, फोटोला बसवल्यासारख्या पुढे पुढे चालल्या होत्या.

गुडघे अगदी ठणठणीत होते, हीच तर गंमत! तिकीट काढतानाच लेकीने लिहून टाकलं होतं, गुडघेदुखी, चालता येत नाही. "अगं आई, सगळेच लिहितात. तुला इकडची भाषा येत नाही ना? मग खुर्चीवाला माणूस सगळीकडून सोडवून बाहेर आणतो. तू नुसतं बसून राहायचं." आणि खरंच, विमानाच्या दाराशी अशा सात खुर्च्या ओळीने उभ्या होत्या आणि सात खुर्च्यांना सात आया, त्यातल्या एकीने तर वरच्या कप्प्यातली आपली बॅग एका हाताने खाली ओढली, खांद्याला अडकवली, तरातरा चालत दारापर्यंत आली आणि खुर्ची दिसताच पांगळी होऊन बसली.

बाईंना हसू फुटलं, पण अर्धंच. कारण आपणही बसलोच ना मुकाट्याने? आठ महिन्यांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरला आणि मनगट मोडलं. मनगट! पाय नव्हे! पण तेव्हापासून जिना उतरायचा तर सोबत कोण आहे, मंडईत जायचं तर कशाला जातेस... आणि मग महिन्याभरापूर्वी लेकीचा तो फोन, "एकटीचं राहणं आता पुरे झालं, आई. तीन महिने राहून बघ इथे, आणि मग कायमचीच ये." बाई हो म्हणाल्या नव्हत्या, नाहीही म्हणाल्या नव्हत्या. लेकीचं काही चुकत नव्हतं, हेच तर अवघड होतं... समोर वाईट माणूस नसला की भांडण आपल्याच पोटात फिरत राहतं.

पुढची व्यवस्थासुद्धा चोख. लेकीला सकाळी ऑफिसातून हलता येणार नव्हतं, म्हणून टॅक्सी सांगितलेली. टॅक्सीवाला नावाची पाटी घेऊन उभा राहील, खुर्चीवाला मला त्याच्या हाती देईल, तो मला दाराशी नेऊन देईल. पार्सलच म्हणा की! वरून लिहायचं तेवढं राहिलं, जपून हाताळा.

शेवटचं दार आपोआप सरकलं आणि मोठं दालन लागलं — माणसंच माणसं, फुलं घेऊन उभी, पाट्या घेऊन उभी, एकमेकांच्या गळ्यात पडलेली. आणि त्या सगळ्यांच्या पलीकडे, काचेबाहेर... बाईंची मानच वळली. बस! पण केवढी! मधोमध भात्यासारखी घडी, इतकी लांब की वळणावर तिचं शेपूट वेगळ्याच रस्त्यावर राहावं. तिला तीन दारं. तिन्ही दारं फुस्स करून एकदम उघडली आणि बाईंच्या छातीत काहीतरी असं उसळलं की हातांना विचारायला वेळच राहिला नाही.

खट्. खट्.

खुर्ची गपकन थांबली. मागची धून तुटली. "उतरायचंय," बाई म्हणाल्या, सरळ मराठीत, आणि उठून उभ्या राहिल्या.

दांडगा माणूस पुढे येऊन त्यांच्या पायांकडे बघत राहिला. मग हात हलवून, खुर्चीकडे बोट दाखवून, त्याने बरंच काही सांगितलं. त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण सूर ओळखीचा होता — ड्यूटीवरच्या माणसाचा सूर, माझ्यावर बालंट येईल बाई, असा. ते मात्र बाईंना चालण्यासारखं नव्हतं. त्यांनी त्याच्या हातातला कागद घेतला, पोचवल्याची सही करायची रेघ शोधली, सही ठोकली, आणि खात्री पटावी म्हणून जागच्या जागी दोन उड्या मारून दाखवल्या. तो आधी गोंधळला, मग पोट धरून हसला आणि त्यांची चाकांची बॅग त्यांच्या हाती दिली.

टॅक्सीवाला अजून दिसत नव्हता. बाईंनी फोन काढला आणि विचार पक्का व्हायच्या आत लेकीला निरोप बोलून टाकला, "ठके, मी बसने येते. टॅक्सीला नको म्हणून कळव. काळजी करू नकोस." निरोप गेला. फोन पर्सच्या तळाशी गेला. आणि तेव्हा कुठे त्यांनी हिशेब मांडला... पोचले, तर मला कोणी विचारणार नाही की एकटी राहशील का. आणि चुकले, तर उरलेला सगळा जन्म खुर्चीत. एवढंच आहे, बाई. ओढ ती बॅग!

लेकीच्या हातचा पत्त्याचा कागद बसच्या ड्रायव्हरने वाचला आणि अंगठा वर केला. लेक मागे घरी आली होती तेव्हा ड्रॉवरमध्ये विसरून गेलेलं इथल्या बसचं कार्ड बाईंनी बरोबर आणलं होतं, ते यंत्राला टेकवलं. हिरवा दिवा लागला. लागला! त्यांनी मागे वळून पाहिलं, कोणाला तरी सांगावं म्हणून, पण मागे नुसती रांग होती. आणि आत... आत कंडक्टरच नव्हता. एवढी मोठी गाडी, तीन दारं, आणि पोटात शिरलेल्या माणसांना सांभाळायला कोणी नाही. मग त्या आपसूक मागच्या दाराजवळ जाऊन उभ्या राहिल्या, खांब धरून, पाय जरा फाकवून. बसायला जागा होती की! पण कोण बसणार?

शहर आधी तुकड्यातुकड्यांनी आलं — गोदामं, पेट्रोल पंप, वाळत घातलेल्या चादरींची एक उंच इमारत, सायकलवर दोन्ही हात सोडून चाललेली एक पोरगी — आणि बाई खिडकीतून तिकडे अशा बघत होत्या की काही सुटायला नको. केवढं आहे हे! आणि यातलं काहीच मला माहीत नाही! एका थांब्यावर एक म्हातारे गृहस्थ जड बॅग घेऊन उतरायला लागले, बॅग पायरीवर अडकली, बाईंनी ती खालून उचलून दिली, दोन्ही बाजूंना पाहिलं, कोणी राहिलं नाही ना, आणि बसच्या पत्र्यावर तळव्याने दोनदा थापटलं, "चलाऽऽ!"

सुटलेली बस कचकन थांबली.

सगळी गाडी बाईंकडे बघायला लागली. ड्रायव्हर उठून धावत मागे आला, कोणी दारात चिरडलंय की काय असा चेहरा करून. अरे देवा... इकडे पत्रा वाजवला म्हणजे थांबा असतं वाटतं! बाईंचे कान गरम झाले. त्यांनी हात जोडले, मग हवेतली दोरी ओढून दाखवली, "टिंग टिंग," आणि बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं. "एकतीस वर्षं," त्या म्हणाल्या. ड्रायव्हरने ते ऐकून घेतलं, डोकं हलवलं आणि परत गेला. मेलं लक्षण, पोचायच्या आधीच शोभा!

पण पुढच्या थांब्यावर माणसं चढली-उतरली, दारं मिटली, तरी बस हलेना. बाईंनी वर पाहिलं, तर समोरच्या आरशात ड्रायव्हरचे डोळे. भुवया वर, वाट बघणारे. त्यांनी दारांवरून नजर फिरवली, मान हलवली. बस निघाली. त्यापुढचे सगळे थांबे तसेच गेले, आणि बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी खांबच गच्च धरला.

पर्स थरथरायला लागली तेव्हा बस पुलावर होती. "कुठे आहेस? आई, कुठे आहेस तू?" लेकीचा आवाज फाटला होता. टॅक्सीवाल्याने आई आली नाही म्हणून कळवलेलं, निरोप आत्ता ऐकलेला, त्या दोन्हींच्या मधला अर्धा तास ठकी विमानतळाला फोन लावत बसली होती. "पुलावर आहे," बाई म्हणाल्या. "पूल संपला की उतर. तिथेच थांब. एक पाऊल हलू नकोस, मी येते." मग नुसता हुंदका आला आणि फोन बंद झाला.

बाई उतरल्या. चौक, कारंजं, चारही बाजूंनी ट्राम, माणसांचा लोंढा. रस्ताभर एक वाक्य तयार ठेवलं होतं, बघ, आले की नाही, आता बोल. पण त्या हुंदक्याने ते पार पुसून टाकलं, आणि त्याच्या जागी भलतंच काही आलं. ठकी सात वर्षांची. शाळेतून आईच्या बसने यायची ती, आणि त्या दिवशी गाडीत सापडलीच नाही. बाईंनी ड्यूटी सोडून दोन तास शाळेभोवती, बाजारात... आणि घरी आल्या तर पोरगी उंबऱ्यात. घामाने डबडबलेली, तोंड नुसतं उजळलेलं. "आई, मी एकटी आले! चालत!" आणि बाईंनी फाडकन तिच्या कानाखाली दिली होती. मग उराशी धरलं, रडल्या, सगळं झालं. पण पोरगी रडली नव्हती. गालावर बोटं उमटलेली, आणि तरीही ते उजळलेलं तोंड विझत नव्हतं... तेव्हा बाईंना वाटलं होतं, किती निगरगट्ट आहे ही.

आता रस्त्यापलीकडे सिग्नल बदलायची वाट बघत एक बाई उभी होती, केस विस्कटलेले, ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात तसंच. तिने आईला पाहिलं. ती रागावणार होती, फार रागावणार होती, आणि तिचं बरोबरच होतं. कायमचं राहायचं की परत जायचं हेही आता तिच्यासमोर सांगावं लागणार होतं, आणि काय सांगायचं ते खरंच माहीत नव्हतं. बाईंनी तोंड गंभीर करून पाहिलं. जमेना. त्यांना कोणाला तरी ओरडून सांगायचं होतं की मी एकटी आले, आणि ते सांगावं असं माणूस त्या अख्ख्या शहरात एकच होतं, आणि ते रडत रस्ता ओलांडून येत होतं.