ताणलेलं पान

माझ्या साइड ड्रमच्या पानावर काठी पडली आणि आवाज आला ओल्या पुठ्ठ्यासारखा. परवाच मी समोरासमोरचे बोल्ट जोडीजोडीने आवळले होते, प्रत्येकाजवळ टिचकी मारून एकच सूर मिळेपर्यंत. आज सगळे ढिले. हे पुन्हा पुन्हा होत होतं.

युजीन सर, आमचे बँडमास्तर, म्हणाले, "प्रिस्का, रविवारी आचोळ्याच्या लग्नात असं वाजलं तर ड्रम परत ज्युडकडे."

आमच्या गावच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवणारी मी पहिलीच मुलगी. आणि ज्युड, ज्याच्याकडून तो मला मिळाला, मागे झांजा पुसत बसला होता. जरा जास्तच साळसूदपणे.

मी ड्रम आवळला, प्रत्येक बोल्टवरून कडीपर्यंत नेलपॉलिशची रेघ ओढली. पुढच्या प्रॅक्टिसला एकही रेघ जुळत नव्हती. म्हणजे हात माणसाचाच. मग त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी प्रॅक्टिसच्या हॉलच्या खिडकीखाली दबा धरून बसले. ज्युड येणारच होता.

आले एडवर्ड अंकल. हात थरथरायला लागेपर्यंत जन्मभर हाच ड्रम वाजवलेले. आता हॉलला कुलूप लावतात. त्यांनी एकेक बोल्ट सैल केला, पानावरून तळवा फिरवला.

"बघितलंस?" मागून ज्युड कुजबुजला. मी किंचाळणारच होते. "कातड्याच्या पानाची सवय. ताणलेलं ठेवलं तर फाटायचं."

"पण हे प्लास्टिकचं आहे."

"मी सांगून बघितलं. महिनाभर हॉलवर फिरकले नाहीत. मग मीच लवकर येऊन आवळायचो."

"मला का नाही बोललास?"

"विचारलंस कुठे? डोळे वटारून बघत होतीस नुसती."

रविवारी मी सगळ्यांच्या आधी हॉलवर पोचले. वरातीत ड्रम असा कडकडला की नवऱ्यामुलाची आजीसुद्धा नाचली. युजीन सरांनीही पायाने ठेका धरला.

परत आलो तेव्हा एडवर्ड अंकल दारातच होते. "काय वाजत होता म्हणे, बाय. पान सैल करून ठेवतो ना, म्हणून."

ज्युड माझ्याकडे बघत होता. मी बोल्टची चावी अंकलच्या हातात दिली. ती काही केल्या बोल्टवर बसेना. मी ड्रम पोटाशी घट्ट धरला आणि ती बसेपर्यंत हलले नाही.