जिरूचा चौथा पाय

जिरू तीन पायांवर लंगडत स्वयंपाकघरात आली आणि लक्ष्मीकांतरावांचा सकाळचा चहा कपातच थंड झाला. पुढचा उजवा पाय तिने अधांतरी धरला होता, फरशी ओली असल्यासारखा. दोन पावलं टाकायची, थांबायचं, पंजा झटकायचा, चाटायचा, आणि मग लक्ष्मीकांतरावांकडे असं बघायचं की हे सगळं तुमच्यामुळेच झालंय. लक्ष्मीकांतरावांना ते मान्य नव्हतं. निदान त्या सकाळी तरी नव्हतं.

जिरू मुळात त्यांची नव्हतीच. ती कुमुदिनीबाईंची. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, पोह्यांवर सढळ हाताने जीरावन मसाला भुरभुरावा तसे, म्हणून नाव जिरू. कुमुदिनीबाई डिसेंबरात मुलीच्या, तन्वीच्या बाळंतपणाला इंदूरहून बंगळुरूला निघाल्या, तेव्हा त्यांचा बेत मांजर देपालपूरला बहिणीकडे ठेवायचा होता. नवऱ्याच्या भरवशावर मांजर ठेवायची त्यांची तयारी नव्हती, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. लक्ष्मीकांतराव वीज खात्यातून मोठ्या मानाने निवृत्त झालेले. ऑफिसात त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. घरात मात्र त्यांना दुधाच्या पातेल्यावर लक्ष ठेवायलासुद्धा कोणी सांगत नसे, कारण एकदा सांगितलं होतं.

"मांजर कुठे जाणार नाही," त्यांनी निघायच्या दिवशी छाती काढून सांगितलं होतं. "तू निश्चिंत जा. मी सांभाळतो. पाहतेस काय!"

आता पाहायची वेळ त्यांचीच आली होती. त्यांनी चष्मा लावून, बॅटरीच्या उजेडात पंजा तपासला. काटा नाही, काच नाही, जखम नाही. बोटांमध्ये जरा लाली होती, पण मांजरीचा पंजा एरवी किती लाल असतो हे त्यांनी आयुष्यात कधी पाहिलं असेल तर शपथ! जिरूने पाय हिसकावून घेतला आणि जाता जाता त्यांच्या मनगटावर एक ओरखडा ठेवून गेली. तसेही त्यांचे हात सध्या त्रास देत होतेच. थंडीने कातडी कोरडी पडून सारखी खाजत होती. त्यांनी कुमुदिनीबाईंची कोल्ड क्रीमची अर्धी बाटली संपवली, तरी गुण नव्हता.

दुपारी रोजच्या वेळेला व्हिडिओ कॉल आला. लक्ष्मीकांतराव जिरूला मांडीवर घेऊन, वरून शाल पांघरून बसले होते. आधी नातीचं दर्शन झालं, मग कुमुदिनीबाईंनी फोन हातात घेतला.

"जिरू दाखवा."

"ही काय. मजेत आहे."

"अहो, तिचा चौथा पाय कुठे आहे?"

"शालीत. थंडी आहे ना इकडे."

"तीन बाहेर आणि एकालाच थंडी वाजून राहिली?"

लक्ष्मीकांतरावांनी विषय बदलून नातीचं नाक कोणावर गेलंय ते विचारलं. हा उपाय कधी फसत नाही. नाकाचं सगळं बोलून झाल्यावर कुमुदिनीबाई जरा हळू आवाजात म्हणाल्या, "ऐका. तन्वी म्हणतेय, फेब्रुवारी संपेपर्यंत राहा. पोरीची झोपच पूर्ण होत नाही हो, डोळे बघा तिचे कसे झालेत. पण मी काही हो म्हटलं नाहीये. संक्रांतीनंतरचं तिकीट आहेच. तिकडे तुमचं आणि जिरूचं बराबर चाललं असेल तरच राहते. थोडी जरी गडबड असेल तर सांगा. मी येते."

एका वाक्याचं काम होतं. जिरू लंगडतेय, एवढं म्हटलं असतं की कुमुदिनीबाई हजर. खोटंही बोलावं लागलं नसतं! पुन्हा सकाळी स्वयंपाकघरातून भांड्यांचे आवाज आले असते, कोणीतरी त्यांना दहादा टोकलं असतं, आणि संध्याकाळी टीव्हीसमोर दोन माणसं बसली असती. तिच्यावाचून त्यांना अजिबात करमत नव्हतं, हे त्यांनी अजून कोणालाच सांगितलं नव्हतं. पण तिकडे तन्वीचे डोळे खरंच खोल गेले होते.

"गडबड कसली? सब बढ़िया," ते म्हणाले. मांजर डोळे मिटून दूध पिते म्हणतात. इथे मांजर टक्क जागी होती आणि डोळे मिटून लक्ष्मीकांतराव थाप मारत होते.

फोन ठेवल्याबरोबर ते गल्लीच्या तोंडाशी शामच्या नमकीनच्या दुकानात गेले. शाम रतलामी शेव तोलता तोलता जगातल्या कुठल्याही दुखण्यावर इलाज सांगत असे, आणि त्याचे पैसे घेत नसे.

"काकाजी, मोच है मोच," मांजर न बघताच शाम म्हणाला. "छत पे से कूदी होगी. गरम हल्दी बाँध दो, सुबे तक दौड़ने लगेगी."

हळद बांधण्याचा प्रसंग फार लांबवण्यात अर्थ नाही. थोडक्यात सांगायचं तर संध्याकाळपर्यंत हळद जिरूच्या पायाला कमी आणि पलंगपोस, सोफा, देवघराचा पाट आणि लक्ष्मीकांतरावांचा पांढरा लेंगा यांना जास्त लागली होती. घरभर पिवळी पावलं उमटली होती. नव्या नवरीने माप ओलांडावं तशी जिरू फिरत होती. लंगडणं मात्र तसंच.

दुसऱ्या दिवशी शाल उपयोगी पडली नाही. कॅमेऱ्यासमोर जिरूने नेमका तोच पाय पुढे केला.

"पाय पिवळा का हिचा?"

"वरण सांडलं."

"तुम्ही वरण केलंत?" कुमुदिनीबाईंनी विचारलं. मांजरीच्या पायापेक्षा ही बातमी मोठी होती. लक्ष्मीकांतरावांनी घाईघाईने नेटवर्क बिघडल्याचं जाहीर केलं आणि फोन बंद केला.

त्या संध्याकाळी जिरूने वाटीतलं अन्न हुंगलं आणि तोंड फिरवलं. आवडती मासळीची बिस्किटंसुद्धा तशीच पडून राहिली. ती कपाटाखाली जाऊन पंजा चाटत बसली, आणि लक्ष्मीकांतराव गुडघे दुखत असतानाही जमिनीवर आडवे होऊन तिच्याकडे बघत राहिले. आतापर्यंत त्यांना भीती होती ती कुमुदिनीबाईंना कळण्याची. आता भीती जिरूचीच वाटू लागली. घरात बोलायला दुसरं कोणी नव्हतं. इतके दिवस पेपरातल्या बातम्यासुद्धा त्यांनी हिलाच वाचून दाखवल्या होत्या. "जिरू, बाहेर ये गं," ते म्हणाले. "तू म्हणशील ते करतो."

सकाळ झाल्याबरोबर त्यांनी कपड्यांच्या टोपलीत जिरूला घातलं, वरून जुनी ओढणी बांधली आणि रिक्षा करून परदेशीपुऱ्यात डॉक्टर धम्मदीनांचा दवाखाना गाठला. धम्मदीनांचे वडील महूला फौजेत होते आणि आवाज त्यांच्याकडून लेकीकडे आला होता. "बसा काकाजी! घाबरायचं काही काम नाही!" असं त्या म्हणाल्या तेव्हा बाकावरचा एक कुत्रासुद्धा बसला.

त्यांनी जिरूचा पाय वरपासून खालपर्यंत दाबून पाहिला, पंजा धुऊन हळद काढली, भिंग लावून बोटं उघडून पाहिली, मग तोंड उघडून ओठ आणि जीभही पाहिली.

"मोच-बिच काही नाही, पाय मुरगळलेला नाही. हाड शाबूत आहे. पंजाला काहीतरी चरचरीत लागलंय, ती चाटते, म्हणून तोंडाचीही आग होतेय. त्यामुळे खात नाही. घरात नवीन काय आणलंत? फिनाईल? रंग? एखादं झाड?"

"काही नाही, डॉक्टर. मी एकटाच असतो. फरशी नुसत्या पाण्याने पुसतो," लक्ष्मीकांतराव हाताची पाठ खाजवत म्हणाले.

"शेजारी काही बांधकाम? चुना?"

"नाही हो." त्यांनी दुसरा हात खाजवला.

"काकाजी, तुमच्या हाताला काय झालं?"

"हे? थंडी. कोरडी कातडी."

"दाखवा." डॉक्टरांनी जिरूचा पंजा एका हातात आणि लक्ष्मीकांतरावांचा पंजा दुसऱ्या हातात धरला. बोटांच्या बेचक्यांत दोन्हीकडे सारखीच लाली होती. "मी जनावरांची डॉक्टर आहे, पण खरं सांगा. काय सोलून राहिलात तुम्ही?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. लक्ष्मीकांतराव कानापर्यंत लाल झाले. "गराडू," ते म्हणाले.

गराडू म्हणजे इंदूरच्या थंडीचा जीव की प्राण. कंद सोलून, तुकडे तळून, वरून लिंबू आणि जीरावन. कुमुदिनीबाईंना ते सगळ्यात प्रिय, आणि लग्न झाल्यापासून दर हिवाळ्यात ते करायच्याही त्याच. संक्रांतीनंतर त्या परत येतील त्या दिवशी आपल्या हातचे गराडू पुढे ठेवून त्यांना चकित करायचं, असा लक्ष्मीकांतरावांचा गुप्त बेत होता. म्हणून रोज सकाळी ओट्यावर उन्हात बसून ते सराव करत. एक दिवस जळाले, एक दिवस कच्चे राहिले, पण माणसाने हार मानली नाही. अडचण एवढीच, की गराडू ही वस्तू त्यांनी जन्मभर प्लेटमध्येच पाहिली होती. कच्चा गराडू खाजरा असतो, सोलण्याआधी हाताला तेल चोळायचं असतं आणि सालं लगेच उचलून टाकायची असतात, हे त्यांना कोण सांगणार? ते कोरड्या हातांनी सोलत, आणि ओट्यावर पडलेल्या सालांच्या लांब पट्ट्या जिरू उंदराची शेपटी समजून पंजाने उडवत बसे.

धम्मदीना एवढ्या मोठ्यांदा हसल्या की कुत्रा पुन्हा उभा राहिला.

"म्हणजे मी तिला तेल लावू?" लक्ष्मीकांतरावांनी चाचरत विचारलं.

"तिला नाही, काकाजी. तुम्हाला! हिला मी औषध देते. पंजा कोमट पाण्याने धुवा, पुसून कोरडा ठेवा, चाटू नये म्हणून गळ्यात ही कॉलर. आणि सालं दिसायला नकोत. दोन-चार दिवसांत उड्या मारेल. तुमच्या हातांना चिंचेचं पाणी लावा."

गळ्यात कॉलर घातलेली जिरू एखाद्या कर्ण्यातून बघावं तशी लक्ष्मीकांतरावांकडे बघत घरी आली. ह्या वेळी तिची नजर त्यांनी निमूटपणे मान्य केली. "बाई गं, माफ कर," म्हणत त्यांनी ओट्यावरचं एकेक साल उचललं आणि सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली तेव्हा ओल्या कचऱ्यात स्वतःच्या हाताने टाकलं. गुण लवकर आला. दुसऱ्याच दिवशी जिरूने वाटी चाटूनपुसून साफ केली. आणि एका सकाळी ती चारही पायांवर धावत येऊन त्यांच्या लेंग्याला लोंबकळली, तेव्हा लक्ष्मीकांतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. लेंगा फाटला त्याचं नव्हे.

त्या दुपारी फोन त्यांनीच लावला. जिरूला मांडीवर घेतलं, शाल घेतली नाही, आणि चारही पाय एकेक करून कॅमेऱ्यापुढे धरले.

"कुमुद, मोजून घे. आणि आता ऐक." मग त्यांनी लंगडण्यापासून हळदीपर्यंत आणि वरणापासून गराडूपर्यंत सगळं सांगून टाकलं. आता हजेरी घेतली जाणार म्हणून ते तयारीत बसले.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," कुमुदिनीबाई एवढंच म्हणाल्या. मग पदराने चष्मा पुसू लागल्या. "गराडू कोणासाठी करून राहिले होते?"

"तू यायची होतीस ना, त्यासाठी."

"फेब्रुवारी संपता संपता आले तर गराडूचा मोसम गेलेला असेल."

"माहीत आहे."

"मग येऊ का संक्रांतीनंतर? खरं सांगा. ह्या वेळी शाल पांघरून नको."

लक्ष्मीकांतरावांनी जिरूच्या पाठीवरून हात फिरवला. "खरं सांगायचं तर मला करमत नाही," ते म्हणाले. "घर खायला उठतं. रोज वाटतं, आज ये म्हणावं. पण तू राहा. तन्वीला झोपू दे. मी आणि जिरू आहोत ठीक, आणि आता हे मी बघून सांगतोय."

मागून तन्वीचा आवाज आला, "बाबा, आई रोज उठून आधी परतीचं तिकीट उघडून बघते, माहितेय?"

"गप गं," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "अहो, घरात गराडू आहेत का आता?"

"एक आहे."

"मग उठा. आधी हाताला तेल लावा, मला दाखवा. जिरूला खोलीत ठेवा. आणि फोन कढईपाशी धरा."

लक्ष्मीकांतराव उठले. तेल लावलेले हात त्यांनी शाळेतल्या मुलासारखे कॅमेऱ्यापुढे धरले, पसंती मिळाली तेव्हाच साल काढलं. कंद धुऊन, तुकडे करून कढईत सोडले आणि तेलाचा आवाज उठला. बंगळुरूत नातीला खांद्यावर घेऊन कुमुदिनीबाई डोळे मिटून तो आवाज ऐकत होत्या. मधे एकदा "आता बाहेर काढा, दाबून चपटे करा" म्हणाल्या. चपटे तुकडे पुन्हा कढईत पडले. लक्ष्मीकांतराव झारा घेऊन वाट बघत राहिले.

"काढा," कुमुदिनीबाई म्हणाल्या, डोळे न उघडता.

त्यांनी काढले. एकही जळाला नव्हता, एकही कच्चा नव्हता. त्यांनी दोन प्लेटा घेतल्या, दोन्हींत सारखे वाढले, लिंबू पिळलं, जीरावन भुरभुरलं, आणि एक प्लेट फोनसमोर ठेवली.

"खा," ते म्हणाले.

"तुम्हीच खा माझ्या वाटचे," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "आणि उद्या ह्याच वेळेला पुन्हा करा. मोसम संपेपर्यंत मी रोज येईन."

बंद दाराआडून जिरू चारही पायांनी दार ओरबाडत होती.