डाव्या पायाची टाच

मिलानमध्ये फॅशन वीक सुरू झाला की माणसाची किंमत खुर्चीवरून ठरते. पहिल्या रांगेत बसलात तर तुम्ही कुणीतरी आहात, तिसऱ्या रांगेत बसलात तर कुणाचे तरी कुणीतरी आहात, आणि मागे उभे असाल तर देव तुमचं भलं करो. नीवेस गांदोल्फीनं या तिन्ही जागांवर आयुष्य काढलं होतं. एका सांजदैनिकात ती जोड्यांवर लिहायची. कपड्यांवर लिहिणारे छप्पन्न होते. नुसत्या पादत्राणांवर लिहिणारी ती एकटीच. "बाकीचे वरून खाली बघतात, मी खालून वर बघते," असं ती म्हणायची, आणि तिचं वर बघणं बहुतेक वेळा घोट्यापाशीच संपायचं.

त्या फेब्रुवारीतल्या दुपारी मात्र तिची खुर्ची पहिल्या रांगेत, अगदी मधोमध होती. वाल्देर्नोसारखं बडं फॅशन हाऊस एरवी तिला तिसरी रांगसुद्धा उपकार केल्यासारखी द्यायचं. पण आता तिथले जोडे लोरिस करत होता, आणि लोरिस म्हणजे नीवेसचा माणूस.

हा लोरिस तिला एका प्रदर्शनात सापडला होता, अगदी मागच्या कोपऱ्यात, संडासाच्या दाराशेजारी टेबल मांडून बसलेला. टेबलावर जोडे चारच, पण त्यांतल्या एकाची टाच बघून नीवेसचे पाय जागीच थांबले. तिनं त्याच्यावर लिहिलं. लोक हसले. तिनं पुन्हा लिहिलं. मग एकेक जण बघायला येऊ लागला आणि हसणारेच म्हणू लागले की आम्ही तर आधीपासूनच सांगत होतो. लोरिस तिला मावशी म्हणायचा, दर रविवारी तिच्याकडे जेवायचा, उरलेलं डब्यात घालून न्यायचा. पोरबाळ नसलेल्या नीवेसनं त्याला मनातल्या मनात दत्तक घेऊन टाकलं होतं. अशा दत्तकाला ना कागद असतो ना साक्षीदार, त्यामुळे ते मोडलं तर दादही कुठे मागता येत नाही.

गेल्या शरदात तो असाच एका रविवारी आला आणि ताटातलं चिवडत बसला.

"मावशी, डोकं पार रिकामं झालंय. काही म्हणजे काही सुचत नाही. यंदा डाळ शिजली नाही तर हाकलतील मला."

"गप जेव. मागच्या वेळीही हेच म्हणाला होतास."

"मागच्या वेळी खोटं म्हणालो होतो. या वेळी खरं आहे."

त्याचा चेहरा इतका उतरला होता की नीवेसला राहवलं नाही. त्यात वाईनही जरा जास्त झाली होती. जे कुणालाच सांगायचं नव्हतं ते तिनं त्याला सांगितलं. आपल्या आईचं गुपित.

तिची आई एर्सिलिया विजेव्हानोची. ते गावच जोड्यांचं. एर्सिलियाचा डावा पाय लहानपणापासून अंगठ्याच्या रुंदीइतका आखूड. पण तिनं ते गावाला कधी कळू दिलं नाही. हळू चालायची, भिंतीला टेकून उभी राहायची, नाचायला कुणी बोलावलं तर नाक मुरडून "मला नाही आवडत" म्हणायची. गाव तिला गर्विष्ठ समजायचं आणि तिला ते चालायचं. मग एकदा तिनं आपले जुने जोडे तळ बदलायला अत्तिलिओच्या दुकानात टाकले. अत्तिलिओनं ते उलटे करून पाहिले. एक तळ टाचेशी झिजलेला, दुसरा चवड्याशी. तो काही बोलला नाही. ती जोडे न्यायला आली तेव्हा त्यानं तिच्यापुढे हिरव्या चामड्याचा एक नवाकोरा जोड ठेवला. डाव्या जोड्याच्या आत बुचाची चकती बसवलेली, टाच किंचित उंच, आणि पाहणाऱ्याचा डोळा दोन टाचांची तुलना करायला जाऊ नये म्हणून डावा पट्टा मुद्दाम तिरका कापलेला. एर्सिलियानं जोडे घातले, दारापर्यंत गेली, परत आली. सरळ चालत आली. त्या रविवारी चौकात बँड वाजला तेव्हा ती नाचली, आणि वर्षाच्या आत त्यांचं लग्न झालं.

पुढे अत्तिलिओनं तिला घरातल्या सपातांसकट सगळी पादत्राणं स्वतःच्या हातानं करून दिली. नीवेसलासुद्धा हे बाप गेल्यावर कळलं. आईनं कपाट उघडून दाखवलं आणि म्हणाली, "आता हे माहीत असणारं दुसरं कुणीतरी हवं, नाहीतर माझे जोडे दुरुस्तीला टाकायचे कसे? पण तुझ्यापाशीच ठेव."

हे ऐकताना लोरिसचे डोळे भरून आले होते. ते खोटं नव्हतं, नीवेस आजही शपथेवर सांगेल. अश्रू खरे आणि माणूस खोटा, असंही असतं.

"मला एकदा बघायला दे ना ते जोडे," तो म्हणाला. "नुसते बघतो. तो तिरका काप बघितला तर माझा हात मोकळा होईल."

पुढच्या आठवड्यात नीवेसनं आईच्या कपाटातून, आईला न विचारता, त्या हिरव्या जोड्यांचा खोका आणला. देताना तिनं त्याला बजावलं. जुन्या जोड्याचा नमुना काढायच्या दोन रीती असतात. एकीत जोड्याला कागदी चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर पेन्सिलीनं रेघा मारतात आणि ती पट्टी सोलून काढतात. दुसरीत जोडा शिवणीवर उसवून, कापून, चामडं सपाट करतात. दुसरीत नमुना अचूक मिळतो आणि जोडा मरतो.

"सुरी लावायची नाही. पट्टीनंच काय ते कर."

"तुझ्या गळ्याची शपथ, मावशी."

आणि आज हॉलमधले दिवे गेले, ढोल वाजला आणि रॅम्पवर पहिली मुलगी आली. तिच्या पायांत हिरवे जोडे होते.

नीवेसला आधी आनंदच झाला, हे कबूल करायला हवं. बाबांचा तिरका पट्टा मिलानच्या रॅम्पवर! मग ती मुलगी जवळ आली आणि नीवेसला टाच दिसली. डाव्या जोड्याची टाच उजवीपेक्षा चांगली दोन बोटं उंच होती आणि लालभडक रंगवलेली होती. मुलीचे दोन्ही पाय धडधाकट, सारखे. त्यामुळे ती लंगडत होती. तिच्यामागून दुसरी लंगडत आली, मग तिसरी, मग चौथी. अत्तिलिओनं जे झाकण्यात हयात घालवली, ते लोरिसनं लाल रंग फासून चव्हाट्यावर मांडलं होतं.

हॉलमधले सगळे फोन एकदम वर आले.

"काय चाल आहे!" शेजारच्या खुर्चीवरून मासिकाची संपादक ओत्ताविया कुजबुजली. "केवढं धाडस! हे लंगडणं किती ताजं वाटतं, नाही?"

ताजं! तिच्या आईनं ऐंशी वर्षं ते ताजं होऊ दिलं नव्हतं. शेवटी सगळ्या मुली एका रांगेत लंगडत निघाल्या आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. पहिल्या रांगेत मधोमध नीवेस तेवढी बसून होती.

शो संपल्यावर ती पडद्यामागे शिरली. लोरिस टीव्हीच्या कॅमेऱ्यापुढे उभा होता, केस विस्कटलेले, डोळे ओले.

"ही माझ्या आजीची गोष्ट आहे," तो सांगत होता. "आजी लंगडायची. आजोबांनी तिच्यासाठी हिरवे जोडे केले होते. मला ते तिच्या पेटीत सापडले..."

त्याची आजी नीवेसला ठाऊक होती. बेर्गामोला तिचं मटणाचं दुकान होतं. एकदा रविवारी जेवायला आली तेव्हा हातात अख्खी मांडी घेऊन चार मजले चढली होती आणि वर येऊन म्हणाली होती, लिफ्ट बंद आहे वाटतं. त्या बाईच्या पायांत रेड्याचं बळ होतं.

कॅमेरा हलला तशी नीवेस पुढे झाली. "लोरिस."

"अरे, नीवेसबाई! या, या. कसं वाटलं तुम्हाला?"

ते 'तुम्ही' तिच्या कानात गरम तेलासारखं गेलं. तिनं त्याला दंडाला धरून कपड्यांच्या रॅकमागे ओढलं.

"ती माझी आई आहे."

"हळू बोल ना, मावशी." आडोशाला आल्यावर मावशी परत आली.

"तुझी आजी मटणाची मांडी घेऊन चार मजले चढली होती!"

"मग काय तुझ्या आईचं नाव घ्यायला हवं होतं? उलट मी तिला झाकलं. तिचं नाव कुठंच नाही. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"झाकलंस? लाल रंग लावून?"

"ती गोष्ट कपाटात कुजत होती, मावशी. आज जगानं बघितली. टाळ्या ऐकल्यास ना?"

"उद्या लिहिते मी पेपरात. सगळं लिहिते."

लोरिसनं तिच्याकडे बघितलं. रागानं नाही, अगदी मायेनं. "काय लिहिशील? माझी आई लंगडी आहे, असं?"

तेव्हा तिला कळलं की हा हिशोब त्यानं आधीच करून ठेवला होता. तिचं तोंड उघडणारच नाही, याची त्याला खात्री होती, आणि ती खात्री तिनंच त्याला रविवारच्या जेवणाबरोबर वाढली होती. केसानं गळा कापणं म्हणतात ते हे. आपलेच दात आणि आपलेच ओठ, ओरडायचं तरी कुणाच्या नावानं?

"माझे जोडे दे," ती म्हणाली.

तो गेला आणि एक खोका घेऊन आला. तो खोका हिरव्या जोड्यांचा नव्हता. चपटा होता, शर्टाचा असतो तसा.

"पट्टीनं नीट आकार येत नव्हता गं," तो खाली बघत म्हणाला. "कापावे लागले."

आत पातळ कागदात हिरव्या चामड्याचे सपाट तुकडे होते, पांढऱ्या पेन्सिलीनं आकडे घातलेले. त्यांच्यामध्ये बुचाची चकती होती, आईच्या टाचेनं मधोमध खोलगट झालेली. नीवेसनं झाकण लावलं. त्याच्या मुस्कटात द्यावी असं तिला फार वाटलं, पण खोका दोन्ही हातांनी धरावा लागत होता.

आता एकच काम उरलं होतं: साडेसातच्या बातम्यांच्या आधी विजेव्हानो गाठायचं. फॅशन वीक आला की आई टीव्हीसमोरून हलत नसे. कपड्यांशी तिला घेणंदेणं नव्हतं. गर्दीत लेक दिसते का, एवढंच बघायचं असे.

नीवेस पोचली तेव्हा आई गॅसपाशी उभी राहून उकळत्या सूपच्या पातेल्यात तांदूळ सोडत होती.

"आलीस? बरं झालं. हात धू. आज पहिल्या रांगेत होतीस ना? शेजारच्या पिनाला फोन करून सांगितलंय मी, बघ म्हटलं."

"मम्मा, आज टीव्ही नको. डोकं फार दुखतंय."

"डोकं तुझं दुखतंय, बघणार मी आहे."

"आवाजानं त्रास होतो गं."

"मग आवाज बंद करते. तुला बघायला आवाज कशाला हवा?" आणि एर्सिलियानं रिमोट दाबला.

राजकारण झालं, धुकं झालं, मग रॅम्प आला. आधी पहिली रांग दिसली.

"ती बघ तू! अगदी मधोमध! पण तोंड का असं, लिंबू चावल्यासारखं?" आई हसली. मग हिरवे जोडे आले. आईचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे त्यातून निघून गेले. मुली एकामागून एक लंगडत गेल्या. तिनं हात लांब करून आवाज मोठा केला. लोरिस सांगत होता, आजी लंगडायची, आजोबांनी हिरवे जोडे केले.

"हा तुझा लोरिस ना?"

आई उठली, आतल्या खोलीत गेली. कपाटाचं दार कुरकुरलं. ती परत आली तेव्हा नीवेसनं चपटा खोका टेबलावर उघडून ठेवला होता. सांगायला दुसरं काही नव्हतंच.

एर्सिलियानं तुकडे हातांत घेतले नाहीत. चकती तेवढी उचलली आणि तिच्या खळग्यात अंगठा फिरवला.

"हे दोघांना माहीत होतं," ती म्हणाली. "तुझे बाबा मातीत गेले. ते तर काही बोललेले नाहीत."

"मम्मा, तुझं नाव कुठंच नाही," नीवेस घाईघाईनं म्हणाली. "कुणाला कळणारसुद्धा नाही." आणि बोलता बोलताच तिच्या लक्षात आलं की हे शब्द कुणाचे आहेत.

"मला कळलं ना," आई म्हणाली.

तिनं खुर्चीला धरून सपाता काढल्या, डावी आणि उजवी, आणि त्या टेबलाखाली सरकवल्या. मग थंडगार फरशीवरून अनवाणी ती आपल्या खोलीकडे निघाली. दर पावलाला तिचा डावा खांदा खाली जात होता. दुपारी अख्ख्या हॉलनं उभं राहून ज्या चालीला टाळ्या वाजवल्या, ती नीवेसनं आपल्या घरात पहिल्यांदाच पाहिली.