टाचेची खूण

मोटोक्रॉसचे फोटो काढते म्हटलं की नांदेडातले लोक विचारतात, "म्हणजे अपघाताचे का?" त्यांचंही चुकत नाही. मातीचे उंचवटे, त्यांवरून उडणाऱ्या गाड्या आणि खाली पालथी पडलेली मी, हे लांबून अपघातासारखंच दिसतं. आमचे बाबा अजून म्हणतात, "ऋतुजा, लग्नातली माणसं एका जागी उभी राहतात. ती सोडून उडणाऱ्यांच्या मागं कशाला लागतेस?" बाबांचं नाव श्रीमंत, वजिराबादेत फोटो स्टुडिओ. श्रीमंती नावातच संपली.

हरिओमची ओळखही लग्नातच झाली. अर्धापूरला एका हळदीचे फोटो काढत होते आणि मागे कालव्याच्या भरावावरून एक फटफटी एकदम आभाळात आली. नवरी राहिली बाजूला, मी तिकडे पळाले. नवरीच्या मामांनी मला काय काय सुनावलं ते इथे लिहीत नाही. केळीच्या बागेला पाणी द्यायचं सोडून पोरगा उड्या मारतो म्हणून त्याची आई, गुणाबाई, हातात चप्पल घेऊन उभ्या होत्या. पुढच्या राखीला त्यांनीच मला बोलावून घेतलं. "याला सख्खी बहीण न्हाई. तूच हो बाई," म्हणाल्या. मी झाले.

तेव्हापासून आमची एक रीत होती. शर्यतीच्या सकाळी स्वार ट्रॅक पायी फिरून बघतात. हरिओम मला सोबत न्यायचा. मोठ्या उडीपाशी थांबून बुटाची टाच मातीत रुतवायचा आणि म्हणायचा, "ताई, इथून उडणार हाय. तू त्या टायरांमागं झोप." मी झोपायचे. शेवटच्या फेरीत पुढे असला की तो हवेत गाडी आडवी करायचा, नेमकी माझ्याकडे तोंड करून. ही उडी एकदाच होते. गाडी आलेली बघून जागा बदलू म्हणाल तर पदरी नुसती धूळ पडते. लोक म्हणायचे, ऋतुजाची नजर लई तेज. नजर कसली, त्याचा शब्द होता तो.

एकदा मी म्हटलं होतं, "वर असताना जरा माझ्याकडे बघ ना." केवढ्यांदा ओरडला. "येडी हाय का? हवेत असताना उतरायच्या जागेवरून डोळा हलला की माणूस गेला. देव आला तरी मी बघणार न्हाई!"

या डिसेंबरात लातूरजवळ शर्यत होती. हेल्मेट आणि बूट बनवणारी पुण्याची एक कंपनी पुढच्या सबंध हंगामासाठी एकच फोटोग्राफर घेणार होती, आणि तो लातूरच्या फोटोंवरून निवडणार होती. बाबांशी माझं ठरलं होतं. काम मिळालं तर मी मोकळी, नाही मिळालं तर येत्या लग्नसराईपासून गुपचूप अल्बमला बसायचं. हरिओमला हे सगळं ठाऊक होतं. "तुझं काम मी करून देतो, ताई. उडायचं तर मलाच हाय," म्हणाला.

सोयाबीन काढून मोकळ्या ठेवलेल्या रानात जेसीबीने मुरमाचे ढीग रचले होते. सकाळी आम्ही फिरलो. मोठ्या उडीच्या डाव्या कडेला त्याने टाच रुतवली. "डावीकडं, ताई. ऊन बी तुझ्या पाठीमागं राहतंय."

दुपारी मी डावीकडे झोपले. शेवटच्या फेरीला लातूरचा संगमेश्वर, माझ्यासारखाच त्या कामावर डोळा ठेवून आलेला, आपलं लांबलचक भिंग घेऊन उजवीकडे जाऊन बसला. संगमेश्वरच्या मेहुण्याची स्वतःची रेसिंग टीम आहे, तंबूत परदेशी गाड्या. मला त्याची कीवच आली. चुकीच्या जागी बसला बिचारा, म्हटलं.

हरिओम सगळ्यांच्या पुढे होता. आवाज चढला, गाडी वर आली, ती उजवीकडून. आडवी झाली, तीही उजवीकडे. माझ्या वाट्याला गाडीचं पोट, मागचं चाक आणि हरिओमची पाठ आली. तरी बोट दाबलं गेलं, सवयीने. उतरताना त्याचं पुढचं चाक थरथरलं, पडतो की काय वाटलं, पण सावरला आणि जिंकला.

"माती सरकली, ताई," तो तंबूत म्हणाला. चेहरा पार पडलेला. "ऐनवेळी उजवीकडं जावं लागलं."

आणि मी मूर्ख, त्याचीच समजूत काढली. जिंकलास ना, मग झालं, असं म्हणून त्याला उसाचा रस पाजला. काम आहे म्हणून तो लातूरलाच राहिला आणि मी एकटीच नांदेडच्या एसटीत बसले.

लोह्याला बस थांबली तेव्हा वाया गेलेले फोटो काढून टाकावेत म्हणून कॅमेरा उघडला. तो एक फोटो मोठा करून बघितला. गाडी पलीकडे वळलेली, पाठ माझ्याकडे, पण हेल्मेट खांद्यावरून मागे वळलेलं होतं. गॉगल सरळ माझ्या भिंगात. देव आला तरी न बघणारा माणूस जिवावर उदार होऊन माझ्याकडे बघत होता. जिथे झोपवली तिथेच आहे का, ते बघत होता. माती सरकलेल्या माणसाला मागे वळून बघायची सवड नसते.

मला रडू आवरेना. शेजारची बाई हळूच म्हणाली, "कोण गेलं, माय?"

"भाऊ," मी म्हणाले.

तिने लोह्यापासून नांदेडपर्यंत माझ्या पाठीवर हात ठेवला होता.

काम संगमेश्वरला मिळालं. हरिओम संगमेश्वरच्या मेहुण्याच्या टीममध्ये गेला, नवी गाडी मिळाली. त्याची जुनी गाडी म्हणजे तारेने बांधलेला जीव होता, हे मला माहीत नव्हतं का? "ताई, गाडी मिळून राहिली, काय करू?" एवढं विचारलं असतं तर मी त्याला चार शिव्या दिल्या असत्या आणि जा म्हटलं असतं. त्याने विचारलं नाही. सकाळच्या उन्हात हसत हसत टाच रुतवली. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. गळा माझा होता आणि केस मीच राखी बांधलेल्या हातात होता.

मी तो फोटो मोठा छापला, काच लावून घेतला. बाबा म्हणाले, "यात तर नुसती पाठ दिसते." म्हटलं, "गिऱ्हाइकाला हीच पाहिजे." आणि अर्धापूरला गेले, त्याच्या तोंडावर फेकायला. वाटेत वाक्यं जुळवली होती, एकेक धार लावलेलं.

हरिओम जेवायला बसला होता. मला बघून त्याच्या हातातली भाकर तशीच राहिली. मी तोंड उघडायच्या आत गुणाबाईंनी माझ्या हातातलं पुडकं घेऊन कागद सोडलासुद्धा.

"अगं बाई!" त्यांनी काच पदराने पुसली. फोटो उजेडाला धरला, जवळ घेतला. "एवढ्या वर गेला तरी बहिणीकडंच ध्यान हाय बघ याचं! ताई कुठं हाय, नीट हाय का, हेच बघून राहिला ना रे?"

हरिओमने फोटोकडे एकदा बघितलं आणि मान ताटात घातली. सांगून टाकावं असं फार वाटलं. पण म्हातारीच्या तोंडावरचा आनंद विझवायचा तर ते काम त्याचं होतं, माझं नव्हतं.

"हाव, मावशी," मी म्हणाले. "मी कुठं हाय, हेच बघून राहिला."

"हरी, ऊठ. ही ताटासमोरची भिंत मोकळीच हाय. खिळा ठोक. रोज जेवताना दिसंल."

तो उठला. हात धुतले, हातोडी आणली, स्टुलावर चढला. भिंतीला खिळा लावला. मग पाठ माझ्याकडे ठेवून, फोटोत होती तशीच मान खांद्यावरून वळवून त्याने विचारलं, "ताई, इथं?"

"जरा डावीकडं," मी म्हणाले.